बाइंडरच्या दुकानातला शास्त्रज्ञ

मी कला शाखेचा विद्यार्थी. शास्त्रज्ञाचे चरित्र लिहिण्याचा मला काडीचाही अधिकार नाही, हे आधीच कबूल करून टाकतो. बारावीपर्यंत मी शास्त्र शाखेत होतो, पण ते असून नसल्यासारखे. आम्हांला गणित शिकवायला एक गृहस्थ येत. माणूस विलक्षण बुद्धिमान. हातात पुस्तक नाही, टिपण नाही, फळा या टोकापासून त्या टोकापर्यंत भरून टाकीत. एके दिवशी मी धीर करून एक शंका विचारली. त्यांनी उत्तर दिले नाही. खडू माझ्या हातात दिला, मला फळ्याशी उभे केले आणि वर्ग हसून हसून थकेपर्यंत तसेच उभे ठेवले. त्या दिवशी माझ्या मनाने एक सिद्धांत पक्का केला : शास्त्रातली हुशारी आणि माज ही जुळी भावंडे, एक घरात आले की दुसरे मागोमाग यायचेच. पुढे मी इकडे आलो आणि मराठी वाङ्मयात रमलो. सिद्धांत मात्र तसाच राहिला.

तो ढळला यंदाच्या मे महिन्यात, आणि तोही आमच्या घरच्या ओट्यावर.

माझे वडील बुकबाइंडर आहेत. आम्ही त्यांना आबा म्हणतो. गावातल्या दोन-तीन ग्रंथालयांची फाटकी पुस्तके उन्हाळ्यात त्यांच्याकडे बांधणीला येतात. त्या वेळी ओटा, माजघर, पलंगाखालची जागा सगळीकडे पुठ्ठे, खळीची भांडी आणि सुटी पाने. पाने क्रमाने लावण्याचे काम माझ्याकडे असते. यंदा आलेल्या गठ्ठ्यात एक जाडजूड इंग्रजी चरित्र होते, पाठ पार उसवलेली. आबांना इंग्रजी येते ते पानांच्या आकड्यांपुरते. एवढे मोठे पुस्तक लिहावे असे या माणसाने केले तरी काय, असे त्यांनी सहज विचारले. मी चाळू लागलो, आणि दुसऱ्याच प्रकरणात थबकलो. तो माणूस बुकबाइंडर होता.

आबांनी सुई हातातच ठेवली आणि मला ते सगळे वाचून मराठीत सांगायला लावले. पुढे जे लिहीत आहे ते त्या दुपारचे, आणि त्यानंतर मी स्वतः शोधून वाचलेल्या आणखी काही पुस्तकांतले.

मायकेल फॅरेडेचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनच्या दक्षिणेला न्यूइंग्टन बट्स येथे झाला. वडील लोहार. तेही प्रकृतीने अधू, त्यामुळे भाता कधी चाले, कधी बंद. १८०१ साली धान्य महागले तेव्हा या दहा वर्षांच्या मुलाच्या वाट्याला एक पाव येई आणि तो आठवडाभर पुरवावा लागे. शाळेत लिहिणे, वाचणे आणि थोडा हिशेब एवढे शिक्षण झाले. तेराव्या वर्षी तो ब्लॅंडफर्ड रस्त्यावरच्या रिबो नावाच्या पुस्तकविक्रेत्याकडे वर्तमानपत्रे पोहोचवणारा पोऱ्या म्हणून लागला. वर्षभरात रिबोने त्याला बांधणीच्या कामावर उमेदवार म्हणून घेतले. उमेदवारी सात वर्षांची. त्या काळी उमेदवाराच्या बापाने मालकाला पैसे मोजायचे असत. पोरगा प्रामाणिक आहे म्हणून रिबोने ते घेतले नाहीत.

बांधायला येणारी पुस्तके हा मुलगा रात्री वाची. विश्वकोशाचा एक खंड बांधणीला आला आणि त्यात वीज या विषयावरचा लेख त्याच्या हाती लागला. जेन मार्सेट या बाईंनी संभाषणाच्या रूपात लिहिलेले रसायनशास्त्राचे पुस्तकही त्याने असेच वाचले. वाचलेले खरे की खोटे हे पाहायला तो खाऊच्या पैशांतून बाटल्या आणि तारा आणी. टेटम नावाचे एक गृहस्थ संध्याकाळी शास्त्रावर व्याख्याने देत, त्याची फी एक शिलिंग. ती फी थोरला भाऊ रॉबर्ट देई, आणि हा भाऊही लोहारच होता. या व्याख्यानांची टिपणे फॅरेडेने वहीत उतरवून बांधली आणि रिबोला अर्पण केली. हे ऐकून आबा म्हणाले की रिबो चांगला मालक असला पाहिजे; नाहीतर कामाच्या वेळी पुस्तक वाचणाऱ्या पोराचे कान लाल होतात.

आता दुसऱ्या माणसाकडे वळतो, कारण त्याच्याशिवाय या कथेला अर्थ नाही. त्याचे नाव हम्फ्री डेव्ही. तोही गरिबीतूनच वर आलेला. इंग्लंडच्या पार नैर्ऋत्य टोकाच्या पेन्झान्स गावातल्या लाकडावर कोरीव काम करणाऱ्या कारागिराचा मुलगा, जन्म १७७८ सालचा. डॉक्टर-औषधविक्याकडे उमेदवारी करता करता हा रसायनशास्त्रात शिरला. विजेच्या साहाय्याने त्याने १८०७ साली पोटॅशियम आणि सोडियम वेगळे केले, पुढच्या वर्षी कॅल्शियम, मॅग्नेशियम, बेरियम, स्ट्रॉन्शियम. क्लोरीन हे मूलद्रव्यच आहे हेही त्यानेच ठासून मांडले. शिवाय, कला शाखेच्या बांधवांनी इकडे लक्ष द्यावे, डेव्ही कवी होता. कोलरिज त्याचा मित्र. वर्ड्‌स्वर्थच्या ‘लिरिकल बॅलड्स’ची दुसरी आवृत्ती छापली जात असताना तिची मुद्रिते पाहण्याचे काम डेव्हीकडे होते. दिसायला देखणा, बोलण्यात जादू. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्याची व्याख्याने असली की बाहेर अल्बमार्ल रस्त्यावर बग्ग्यांची इतकी दाटी होई की तो रस्ता एकेरी करावा लागला, असे सांगतात. १८१२ साली तो सर हम्फ्री झाला आणि त्याच आठवड्यात एका श्रीमंत विधवेशी त्याने लग्न केले.

त्याच वर्षीच्या वसंत ऋतूत रिबोच्या दुकानातल्या डान्स नावाच्या गिऱ्हाइकाने या उमेदवाराला डेव्हीच्या शेवटच्या चार व्याख्यानांची तिकिटे दिली. फॅरेडे सज्ज्यात, घड्याळाच्या वर बसे. एकूण एक शब्द टिपी. घरी येऊन तो ते स्वच्छ उतरवी, आकृत्या काढी. शेवटी तीनशेवर पृष्ठांचा ग्रंथ झाला आणि तो त्याने स्वतःच्या हाताने बांधला. त्याच शरद ऋतूत उमेदवारी संपली आणि तो एका तापट फ्रेंच बाइंडरकडे कामाला लागला. तेथे जीव रमेना. त्याने आधी रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांना पत्र लिहिले. दरवानाकडून निरोप आला की पत्राला उत्तर नाही. मग डिसेंबरात त्याने डेव्हीला पत्र धाडले आणि सोबत तो बांधलेला ग्रंथ.

डेव्हीने उत्तर दिले. आठवड्याच्या आत, आणि गोड शब्दांत. पुढे डेव्हीचे जे व्हायचे ते झाले, पण ज्या माणसाच्या दारात बग्ग्या खोळंबत त्याने एका बाइंडरच्या पोराला उत्तर लिहिले, ही गोष्ट मी विसरू शकत नाही. जानेवारीत भेट झाली. फॅरेडेने मन मोकळे केले : व्यापार-धंदा स्वार्थी असतो, शास्त्र माणसाला उदार करते, तेव्हा मला त्यात घ्या. डेव्हीने सांगितले की शास्त्र ही कडक मालकीण आहे, पैशाच्या बाबतीत तर फारच, तेव्हा आपली बांधणीच बरी; इन्स्टिट्यूशनचे बांधणीचे काम मी तुला देववीन. आणि शास्त्रज्ञांच्या उदार मनाचा विषय निघाला तेव्हा तो नुसता हसला; दोन-चार वर्षांच्या अनुभवाने हे तुझे तुला कळेल असे म्हणाला. त्या हसण्यात पुढची दहा वर्षे दडलेली होती. फक्त तो अनुभव आपल्याच हातून मिळायचा आहे, हे त्या वेळी डेव्हीलाही ठाऊक नसावे.

महिना-दीड महिन्यात इन्स्टिट्यूशनच्या प्रयोगशाळेतला नोकर उपकरणे बनवणाऱ्या कारागिराशी मारामारी करून काढला गेला. एका रात्री फॅरेडे झोपायच्या तयारीत असताना दारावर डेव्हीची गाडी उभी राहिली आणि गडी चिठ्ठी घेऊन उतरला. १ मार्च १८१३ रोजी नेमणूक झाली. आठवड्याला २५ शिलिंग, राहायला माळ्यावरच्या दोन खोल्या. वय एकवीस.

सात महिन्यांनी डेव्ही बायकोसह युरोपच्या प्रवासाला निघाला. फॅरेडे मदतनीस म्हणून सोबत. डेव्हीच्या खास नोकराने ऐनवेळी यायचे नाकारले. तेव्हा पॅरिसला दुसरा गडी मिळेपर्यंत त्याची थोडी कामे फॅरेडेने करावीत असे ठरले. पॅरिसला मिळाला नाही, इटलीतही मिळाला नाही. दीड वर्षे फॅरेडेच हरकाम्या राहिला. स्वतः डेव्हीला फारशी सेवा लागत नसे. पण बाईसाहेबांना हा मुलगा नोकर आहे हे त्याला रोज कळलेच पाहिजे असे वाटे. त्याने मित्राला लिहिलेल्या पत्रांत तो अपमान भरून राहिला आहे. सगळे सोडून परत यावे आणि पुन्हा बांधणी करावी असेही त्याच्या मनात येऊन गेले.

तरी तो टिकला, कारण डोळ्यांसमोर जे घडत होते ते विद्यापीठाहून मोठे होते. पॅरिसमध्ये एका जांभळ्या वाफेच्या नव्या पदार्थाचे कोडे डेव्हीने हॉटेलच्या खोलीत, सोबतच्या छोट्या पेटीतल्या सामानावर सोडवले, ते आयोडीन. फ्लॉरेन्समध्ये मोठ्या भिंगाने सूर्यकिरण एकवटून हिरा जाळला आणि हिरा म्हणजे शुद्ध कार्बन हे दाखवले. मिलानमध्ये म्हातारा व्होल्टा भेटायला आला. दिवसा प्रयोगाला हात लावायचा आणि संध्याकाळी बाईसाहेबांच्या पेट्या उचलायच्या. १८१५ च्या एप्रिलात मंडळी परतली.

येथे आबांनी मला थांबवले आणि कोणते काम मोठ्या मनाने केले, पेट्या उचलण्याचे की हिरा जाळण्याचे, असे विचारले. मी उत्तर देऊ शकलो नाही. मला भलतीच गोष्ट आठवली होती, आणि ती येथे लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

पहिल्या वर्षाला असताना एका दुपारी मी मित्रांबरोबर कॉलेजच्या पायऱ्यांवर बसलो होतो. फाटकातून आबा आले, सायकलच्या मागे पुस्तकांचा गठ्ठा, धोतराला खळीचे डाग. त्यांनी माझ्याकडे पाहून हात केला. शेजारच्या मित्राने कोण रे, असे विचारले. मी सांगितले की बाइंडर आहेत, ग्रंथालयात येत असतात. खोटे काहीच बोललो नव्हतो. आबांना ते ऐकू गेले की नाही हे मी आजवर विचारलेले नाही. ते गठ्ठा उतरवून मागच्या दाराने निघून गेले.

असो. फॅरेडेकडे येतो.

परतल्यावर डेव्हीने खाणकामगारांसाठी सुरक्षादीप तयार केला. खाणीत ज्वालाग्राही वायू पेटून माणसे मरत. ज्योतीभोवती बारीक जाळी बसवली की आग बाहेर जात नाही. या कामात फॅरेडेने त्याला साहाय्य केले. या दिव्याचे पेटंट डेव्हीने घेतले नाही. लाखो रुपये सोडून दिले म्हणा ना. पण त्याच सुमारास जॉर्ज स्टीफन्सन या खाणीवरच्या यंत्रकाराने स्वतःचा दिवा काढला, तेव्हा हाच उदार डेव्ही चवताळला. अडाणी माणसाला असले काही सुचेलच कसे, अशी त्याची भूमिका. लाकडावर कोरीव काम करणाऱ्याचा मुलगा कोळशाच्या खाणीतल्या कामगाराच्या मुलाला अडाणी ठरवतो, याचे मला मोठे नवल वाटते. त्याला पैसा नको होता. नाव मात्र दुसऱ्याबरोबर वाटून घ्यायला तो तयार नव्हता. १८२० मध्ये तो रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला.

त्याच वर्षी डेन्मार्कच्या अर्स्टेडने विजेच्या तारेजवळ होकायंत्राची सुई हलते हे दाखवले आणि युरोपभर खळबळ उडाली. वोलॅस्टन या मोठ्या शास्त्रज्ञाची अशी कल्पना होती की चुंबकापाशी वीज वाहणारी तार स्वतःभोवती फिरेल. १८२१ मध्ये त्याने डेव्हीच्या प्रयोगशाळेत येऊन प्रयत्न केला; तार फिरली नाही. त्या सप्टेंबरात फॅरेडेने वेगळेच काही केले. भांड्यात पारा, मध्ये उभे चुंबक, वरून लोंबती तार, तिचे टोक पाऱ्यात बुडालेले. प्रवाह सोडताच तार चुंबकाभोवती प्रदक्षिणा घालू लागली. आज घरोघर फिरणाऱ्या पंख्याची आणि मोटरची ती पणजी. फॅरेडेने घाईघाईने निबंध छापला. वोलॅस्टनचे नाव त्यात घातले नाही. त्याला विचारायला गेला होता, पण तो गावात नव्हता. एवढे निमित्त पुरले. बाइंडरच्या पोराने थोरामोठ्यांची कल्पना चोरली अशी कुजबुज सुरू झाली. वस्तुतः दोन्ही प्रयोग निरनिराळे. वोलॅस्टन शांत स्वभावाचा होता, त्याने प्रकरण वाढवले नाही. ज्याने एका शब्दात ही कुजबुज थांबवली असती तो डेव्ही होता, आणि तो गप्प बसला.

मग क्लोरीनचे प्रकरण. १८२३ च्या मार्चमध्ये फॅरेडे बंद नळीत क्लोरीनचे स्फटिक तापवीत होता. तसे करून पाहा असे डेव्हीने सुचवले होते. नळीत तेलासारखे थेंब दिसले. डेव्हीचे एक डॉक्टर मित्र डोकावले आणि तेलकट नळ्या वापरतोस, धुवत जा जरा, म्हणून थट्टा करून गेले. फॅरेडेने नळी कापली, थेंब फाटकन उडून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांना चिठ्ठी मिळाली : काल आपण जे तेल पाहिलेत ते द्रवरूप क्लोरीन होते. मला हा फॅरेडे फार आवडतो. नम्र माणसाला टोमणा मारता येत नाही अशी माझी समजूत होती. पण निबंध छापायच्या वेळी डेव्हीने त्याला आपली पुरवणी जोडली, की मूळ सूचना माझी, आणि असे घडेल असे मला वाटतच होते.

त्याच वर्षी मित्रांनी फॅरेडेचे नाव रॉयल सोसायटीच्या सभासदत्वासाठी सुचवले. एकोणतीस जणांच्या सह्या, आणि त्यांत खुद्द वोलॅस्टनची. ज्याची कल्पना चोरली म्हणत होते त्याचीच सही! विरोध केला तो डेव्हीने. त्याने फॅरेडेला अर्ज काढून घ्यायला सांगितले. फॅरेडेने उत्तर दिले की तो मी लावलेला नाही, तेव्हा काढणारही मी नाही. मग सुचवणाऱ्यांकडून काढून घे. ते ऐकणार नाहीत. तर मग अध्यक्ष या नात्याने मीच काढीन. यावर फॅरेडेने एवढेच सांगितले की सर हम्फ्री सोसायटीच्या हिताचे असेल तेच करतील अशी आपली खात्री आहे. कसला आरडाओरडा नाही, आणि एक पाऊल मागे नाही. ८ जानेवारी १८२४ रोजी मतदान झाले. गुप्त मतदानाच्या पेटीत विरोधाचा एकच गोळा निघाला. तो कोणाचा याचा पुरावा नाही. तर्क सगळ्यांनीच केला आहे.

येथवर आलो तेव्हा माझा जुना सिद्धांत जय्यत उभा राहिला होता. डेव्ही म्हणजे आमचे गणिताचे गृहस्थ! पण पुढचेच पान उलटले आणि तेथे असे, की १८२५ च्या फेब्रुवारीत फॅरेडे प्रयोगशाळेचा संचालक झाला, तो याच डेव्हीच्या शिफारशीवरून. माणसाचा हिशेब इतका सरळ नसतो हे मान्य करणे मला जड गेले. लहान वयात सगळे मिळालेल्या माणसाला आपल्यामागून येणाऱ्या पावलांचा आवाज कसा लागत असेल? मत्सर असेल, आपली झीज होते आहे हे कळत असेल, आणि तरी हा मुलगा खरा आहे हेही कळत असेल. डेव्हीची प्रकृती ढासळली, १८२७ मध्ये अध्यक्षपद सोडावे लागले, आणि १८२९ च्या मे महिन्यात तो परक्या देशात, जिनिव्हात, वारला.

त्याच वर्षी डेव्हीचे चरित्र लिहिणाऱ्याने फॅरेडेकडे माहिती मागितली. हे चरित्रकार म्हणजे तेलकट नळ्यांची थट्टा करणारे तेच डॉक्टर, पॅरिस. फॅरेडेला सूड घ्यायचा असता तर याहून चांगली संधी कोणती? त्याने १८१२ साली आलेले डेव्हीचे मूळ पत्र पाठवले आणि ते जपून परत करा, त्याचे मोल मला किती आहे हे तुम्ही जाणताच, असे कळवले. सतरा वर्षे त्याने ते सांभाळले होते. मधला हरकाम्यापणा, कुजबुज आणि तो एक गोळा, सगळ्यांतून.

२९ ऑगस्ट १८३१ हा दिवस शास्त्राच्या विद्यार्थ्यांना पाठ असतो. सुमारे सहा इंच व्यासाचे लोखंडी कडे, त्याच्या दोन बाजूंना तारांची निरनिराळी वेटोळी. एका वेटोळ्यात वीज सोडली की दुसऱ्याजवळची सुई थरथरे, बंद केली की पुन्हा थरथरे. मधल्या वेळेत स्तब्ध. बदल झाला तरच वीज जन्मते. पुढे चुंबक आत-बाहेर करून आणि तांब्याची तबकडी फिरवून त्याने तेच सिद्ध केले. कोयनेच्या डोंगराच्या पोटात जी जनित्रे फिरतात ती याच तत्त्वावर.

या माणसाला अहंकार नव्हताच असे मात्र मी म्हणणार नाही. या शोधाची बातमी त्याने पॅरिसला पत्राने कळवली. ती वाचून दोन इटालियन शास्त्रज्ञांनी तेच प्रयोग केले आणि त्यांचा निबंध आधीच्या तारखेच्या अंकात आला, तेव्हा तो चांगलाच संतापला. पुढे १८३२ च्या मार्चमध्ये त्याने चुंबकाचा परिणाम लाटांसारखा, वेळ घेत पसरत असावा, ही कल्पना लिहून मोहोरबंद करून रॉयल सोसायटीकडे ठेवली. उद्या कोणी हेच म्हणाले तर तारीख आपली असावी! ते पाकीट शंभराहून अधिक वर्षांनी उघडले गेले. एकदा चोर म्हटल्या गेलेल्या माणसाची ही सावधगिरी मला समजते.

स्वाभिमानाची आणखी एक गोष्ट १८३५ सालची. सरकारने शास्त्रज्ञांना निवृत्तिवेतन द्यायचे ठरवले होते. पंतप्रधान लॉर्ड मेलबर्नने त्याला भेटीला बोलावले आणि बोलता बोलता असली वेतने म्हणजे निव्वळ ढोंग आहे असे काहीतरी उर्मट उद्गार काढले. फॅरेडे नमस्कार करून बाहेर पडला आणि त्याच संध्याकाळी त्याने नकाराची चिठ्ठी नेऊन दिली. पुढे मेलबर्नने लेखी माफी मागितली, तेव्हाच त्याने वर्षाला ३०० पौंड घेतले. पेट्या उचलणारा तो हाच.

गणित त्याला येत नव्हते. हे वाचून मला झालेला आनंद मी लपवत नाही. त्याच्या वह्यांत समीकरण शोधून सापडत नाही. चुंबकाभोवती लोखंडाचा कीस जशा रेषांत बसतो तशा रेषा त्याला रिकाम्या अवकाशात दिसत, आणि मोठमोठे गणिती त्याला हसत. नवे शब्द हवे झाले की तो केंब्रिजच्या विल्यम ह्युएल या विद्वानाला विचारी. अ‍ॅनोड, कॅथोड, आयन हे शब्द १८३४ साली असे ग्रीकमधून आले. ज्याला जे येत नाही ते त्याने भाषेच्या जाणकाराला विचारावे, यात त्याला कमीपणा वाटला नाही. पुढे मॅक्सवेल या चाळीस वर्षांनी लहान असलेल्या तरुणाने त्याच्या रेषांना गणिताचे रूप दिले आणि निबंध पाठवला. पासष्ट वर्षांच्या फॅरेडेने त्याला कळवले की एवढे गणित पाहून आधी धास्तावलो, मग विषय इतका टिकलेला पाहून चकित झालो. आणि त्याच वर्षी एक विनंतीही केली : गणितज्ञांना जे सापडते ते साध्या भाषेतही का सांगू नये, म्हणजे आमच्यासारख्यांना त्यावर प्रयोग करता येतील. मी फळ्याशी उभा होतो तेव्हा मला नेमके हेच विचारायचे होते.

सर ही पदवी त्याने घेतली नाही. रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद चालून आले तेही नाकारले. तो सॅंडेमनियन नावाच्या एका छोट्या, साध्या राहणीच्या ख्रिस्ती पंथाचा होता आणि थाटमाटाचे त्याला वावडे होते, असे कारण देतात. मला वाटते, अध्यक्षाच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाचे काय होते हे त्याने फार जवळून पाहिले होते. नाताळात मुलांसाठी मात्र तो पुन्हा पुन्हा उभा राहिला. मेणबत्तीवरची त्याची व्याख्याने १८६१ मध्ये पुस्तकरूपाने निघाली; ती अजूनही वाचली जातात.

पन्नाशीच्या आतच त्याची स्मरणशक्ती दगा देऊ लागली. १८४१ साली विश्रांतीसाठी तो स्वित्झर्लंडला गेला. डोंगर, धबधबे, हिमनद्या यांची वर्णने त्याच्या रोजनिशीत आहेत. पण इंटरलाकेन गावात त्याने एका ठिकाणी खिळे बनताना पाहिले आणि तेथेच रेंगाळला. काम किती सुबक आहे हे त्याने लिहिले, लोहाराचे दुकान आणि तिथले सगळे आपल्याला फार आवडते असे लिहिले, आणि त्याचे कारण दिले चार शब्दांत, की आपले वडील लोहार होते. ही खाजगी वही होती. कोणाला दाखवायचे नव्हते, कोणी विचारलेही नव्हते.

हे मी आबांना मोठ्याने वाचून दाखवले नाही. पाने लावण्याच्या निमित्ताने खाली पाहत राहिलो.

१८५८ मध्ये राणीने त्याला हॅम्प्टन कोर्ट येथे राहायला घर दिले. तेथेच २५ ऑगस्ट १८६७ रोजी खुर्चीत बसल्या बसल्या तो गेला. हायगेटच्या दफनभूमीत त्याच्या दगडावर नाव आणि जन्म-मृत्यूच्या तारखा आहेत. डेव्हीच्या व्याख्यानांचा तो हाताने बांधलेला ग्रंथ रॉयल इन्स्टिट्यूशनने जपून ठेवला आहे.

आबांनी आमचे पुस्तक जुजबंदी करून बांधले. पाठीला नवे कापड, आत अबरी कागद. या पुस्तकाला त्यांनी नेहमीपेक्षा दोन दिवस जास्त दाबाखाली ठेवले. कारण मी विचारले नाही, त्यांनी सांगितले नाही. जूनमध्ये कॉलेज उघडले तेव्हा गठ्ठा मी नेला. ग्रंथालयाच्या वहीत आणून देणाऱ्याने सही करायची असते. टेबलाभोवती पुस्तके बदलायला आलेल्या मुलांची गर्दी होती, पायऱ्यांवरचा तो मित्रही त्यांत होता. मी सही केली आणि खाली पूर्ण नाव लिहिले, मधल्या नावासकट.